शिंकांची गोळी मागण्याआधी स्ट्रिपवरचं नाव वाचा (खान्देशातली सीझनल अ‍ॅलर्जी आणि अँटिहिस्टामिन)

तापीकाठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. कापसाची वेचणी चालू आहे, दादर ज्वारी पेरून झाली आणि बांधाबांधाला गाजरगवत पांढऱ्या फुलांनी भरलंय. हे दिवस आले की मेडिकलच्या काउंटरवर सकाळपासून एकच मागणी: "भाऊ, शिंकांच्या दोन गोळ्या द्या." मी चोपडा तालुक्यात मेडिकल चालवतो. गोळी कोणासाठी, वय काय, आधीपासून कोणती औषधं चालू आहेत, असं विचारलं की माणसं वैतागतात. गर्दी असते, बाहेर गाडी चालू ठेवलेली असते. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

फुलांचे परागकण किंवा धूळ नाकात गेली की अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाचं शरीर हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतं. शिंका, नाक गळणं, डोळ्यांची आणि टाळूची खाज ही त्याचीच करणी. अँटिहिस्टामिन गोळी हिस्टामिनला त्याचं काम करू देत नाही. पण या गोळ्यांच्या दोन पिढ्या आहेत आणि काउंटरवर दोन्हींना "शिंकांची गोळी"च म्हणतात.

जुन्या पिढीत फेनिरामिन (म्हणजे अ‍ॅव्हिल) आणि क्लोरफेनिरामिन, ज्याला सगळे सीपीएम म्हणतात. प्रोमेथाझिन, हायड्रॉक्सिझिनही त्यातलेच. ही औषधं मेंदूत शिरतात, गुंगी आणतात, तोंड कोरडं पाडतात, लघवी अडवू शकतात. नव्या पिढीत सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिन, लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन. ही मेंदूत फार कमी शिरतात आणि एका गोळीत साधारण दिवस निघतो. साध्या मोसमी अ‍ॅलर्जीसाठी आज नवीच पिढी आधी वापरतात. जुनी गोळी जास्त जोरदार असते हा आपल्याकडचा समज आहे. झोप आली म्हणजे औषध लागू पडलं असं लोक धरून चालतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे स्ट्रिपमधून कात्रीने दोन गोळ्या कापून द्यायची पद्धत आहे. त्या कापलेल्या तुकड्यावर कधी कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं असतात, कधी नुसती किंमत. आत कोणतं औषध आहे ते राहिलेल्या स्ट्रिपवर, ती दुकानात. मग तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसरीकडून "सर्दीची गोळी" घेतो. त्या गोळीत पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन आणि सीपीएम असं तिन्ही असतं. म्हणजे एका अँटिहिस्टामिनवर दुसरं चढलं, आणि अंग दुखतंय म्हणून वेगळी पॅरासिटामॉल घेतली असेल तर तीही दुप्पट झाली. फेनिलएफ्रिनने बीपी वाढू शकतं, ते आणखी वेगळं.

म्हणून दोनच गोळ्या हव्या असल्या तरी नाव दिसेल असा तुकडा मागा, किंवा मोबाईलमध्ये स्ट्रिपच्या मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. मोठ्या अक्षरातलं ब्रँडचं नाव सोडा, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं वाचा. तिथे "सेटिरिझिन १० मिग्रॅ" किंवा "लिव्होसेटिरिझिन ५ मिग्रॅ" एवढंच असेल तर ती एकेरी गोळी. पुढे अधिकचं चिन्ह आणि आणखी नावं असतील तर ती नावं काय आहेत ते विचारा. विचारल्याबद्दल कोणी रागावलं तर रागावू द्या.

---

रावेर_केळी

तापीकाठ भाऊ, वेळेवर काढला धागा. आमच्याकडे केळीला रात्री पाणी धरावं लागतं, लाईटचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहेच. संध्याकाळी गोळी घ्यायची, रात्री अंधारात मोटर चालू करायला जायचं आणि पहाटे माल भरायला ट्रॅक्टर घेऊन निघायचं. अशा माणसाने कोणती घ्यावी? माझा चुलतभाऊ अ‍ॅव्हिलच घेतो. म्हणतो, मला त्याची सवय आहे, मला झोप येत नाही.

---

कान_नाक_घसा_जळगाव

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. धाग्यातली माहिती बरोबर आहे. रावेर_केळी, तुमच्या प्रश्नाला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्या भागात सगळ्यात जास्त धोका इथेच आहे.

"मला झोप येत नाही" यावर विसंबू नका. २००० साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर एक अभ्यास झाला होता. अ‍ॅलर्जी असलेल्या ४० जणांना वेगवेगळ्या वेळी डायफेनहायड्रामिन (अ‍ॅव्हिलच्याच पिढीचं औषध), फेक्सोफेनाडिन, दारू आणि औषध नसलेली नकली गोळी देऊन गाडी चालवायला लावली. डायफेनहायड्रामिनवर त्यांची गाडी दारूपेक्षाही वाईट चालली. फेक्सोफेनाडिनवर ती नकली गोळीइतकीच ठीक चालली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, किती गुंगी वाटते हे त्या माणसांनी स्वतः सांगितलं, त्यावरून कोणाची गाडी बिघडणार हे ओळखता येत नव्हतं. चुलतभावांना हे जरूर सांगा.

सीपीएम शरीरातून निघायला वेळ लागतो. रात्री ९ ला घेतलेल्या गोळीचा अंमल पहाटे ५ ला उरलेला असतोच. थ्रेशर, कडबा कुट्टी, ट्रॅक्टर, भुसावळच्या हायवेवर पहाटेची बाईक, यातलं काहीही करायचं असेल तर जुन्या पिढीची गोळी नको.

नव्या पिढीतही फरक आहे. सेटिरिझिन, लिव्होसेटिरिझिनने काहींना चांगलीच गुंगी येते, फेक्सोफेनाडिनने सगळ्यात कमी. यंत्रावर काम करणाऱ्यांना मी बहुतेक वेळा फेक्सोफेनाडिन लिहून देतो, १२० किंवा १८० मिग्रॅ, दिवसातून एकदा. कोणतीही नवी गोळी पहिल्यांदा घेताना दुसऱ्या दिवशी गाडी चालवायची नसेल असा दिवस निवडा. आणि दारूबरोबर यातली एकही नको.

फेक्सोफेनाडिन फक्त पाण्याबरोबर घ्यायची. संत्रं, सफरचंद यांच्या रसाबरोबर घेतली तर ती रक्तात कमी उतरते आणि "ही गोळी मला लागू पडत नाही" असं वाटतं. अ‍ॅसिडिटीचं ते पांढरं किंवा गुलाबी सिरप असतं ना, त्यानेही तसंच होतं. दोन्हीत निदान दोन तासांचं अंतर ठेवा.

---

धुळ्याची_लेक

भाऊ, मना पोऱ्या साडेतीन वर्षाना शे. त्याले सर्दीनं सिरप देऊ का नको?

मागच्या वर्षीची बाटली घरात आहे, निम्मी भरलेली. सासूबाई म्हणतात चमचाभर पाजून दे, रात्रभर शांत झोपेल. खरं सांगते, मला भीती वाटते.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

ताई, ती बाटली आधी टाकून द्या. उघडलेलं सिरप वर्षभर ठेवून वापरायचं नसतं.

बाटलीवर क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन अशी दोन नावं एकत्र असतील तर ते औषध चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचंच नाही. केंद्रीय औषध नियंत्रण संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये कंपन्यांना तशी सूचना लेबलवर छापायला सांगितली आहे. जुन्या साठ्यातल्या बाटलीवर ती असेलच असं नाही, म्हणून नावं स्वतः वाचायची.

२०२५ च्या पावसाळ्याच्या शेवटी मध्य प्रदेशात, छिंदवाडा भागात, खोकल्याच्या सिरपने लहान मुलं गेली ते सगळ्यांना आठवत असेल. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे मूत्रपिंड निकामी करणारं विष मिसळलेलं निघालं. ते अँटिहिस्टामिनमुळे झालं नाही, भेसळीमुळे झालं, हे नीट लक्षात घ्या. पण औषध म्हणून त्यात होतं ते हेच सर्दीचं मिश्रण, आणि बरीच मुलं चार-पाच वर्षांच्या आतबाहेरची होती. एवढ्या लहान मुलांना साध्या सर्दीत या मिश्रणाची मुळात गरज नसते.

---

कान_नाक_घसा_जळगाव

धुळ्याची_लेक ताई, तुमची भीती योग्य आहे. मूल झोपावं म्हणून अँटिहिस्टामिन कधीच देऊ नये. प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखाली पूर्ण वर्ज्य आहे, त्याने श्वास मंदावू शकतो. काही मुलांना झोप येण्याऐवजी उलटंच होतं, ती रात्रभर किरकिर करतात.

मुलाला खरोखर अ‍ॅलर्जी असेल, म्हणजे ताप नाही, पाण्यासारखं नाक गळतंय, सारखं नाक चोळतोय, दरवर्षी याच दिवसांत होतंय, तर बालरोगतज्ज्ञ एकेरी सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन वयाप्रमाणे देतात. त्याचं माप घरातल्या चमच्याने घेऊ नका. घरात पोह्याचा चमचा वेगळा, साखरेच्या डब्यातला वेगळा. बाटलीबरोबर आलेलं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंज वापरा. आणखी एक गोष्ट, ड्रॉप्स आणि सिरप एक नव्हेत. ड्रॉप्समध्ये औषध दाट असतं. सिरपच्या मापाने ड्रॉप्स पाजले तर डोस कितीतरी पट होतो.

---

धुळ्याची_लेक

बाटली ओतून टाकली. सासूबाईंना हा धागा वाचूनच दाखवला. उद्या डॉक्टरांकडे नेते.

---

नंदुरबारची_मिरची

आमच्याकडे मिरचीचा सीझन आहे. पथारीवर लाल मिरची वाळत घातली की रस्त्याने जाणाऱ्यालाही ठसका लागतो. तिथे देठ खुडणाऱ्या बाया रोज शिंकतात, नाकाडोळ्यांतून पाणी. मुकादम त्यांना रोज सेटिरिझिनची गोळी वाटतो. याने काही होतं का?

---

कान_नाक_घसा_जळगाव

फारसं नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन नाकातल्या नसांना थेट झोंबतं. त्याला अ‍ॅलर्जी लागत नाही, तो ठसका कोणालाही लागेल. हिस्टामिन तिथे मुख्य कारण नाही, त्यामुळे गोळीचा उपयोग थोडाच. नाकातोंडावर नीट बसणारा मास्क, डोळ्यांना चष्मा, वाऱ्याकडे पाठ करून बसणं आणि काम संपल्यावर नाक पाण्याने धुणं, हे जास्त कामाचं. मुकादमाने गोळ्यांच्या पैशात मास्क आणले तर बायांचं खरं भलं होईल.

---

जिनिंगवाला

मग कापसाच्या धुळीचं काय? आमच्या जिनिंगमध्ये रविवारी सुट्टी झाली की सोमवारी काही कामगारांची छाती आवळल्यासारखी होते. दोन-तीन दिवसांत बरं वाटतं, पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. तेही अ‍ॅलर्जीची गोळी घेतात.

---

कान_नाक_घसा_जळगाव

जिनिंगवाला, हे मनावर घ्या. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हे बिसिनोसिसचं ठळक लक्षण आहे. कापसाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा आजार आहे, अँटिहिस्टामिनचा त्यात उपयोग नाही. वर्षानुवर्षं तसंच काम केलं तर फुप्फुसं कायमची खराब होतात. त्या कामगारांना छातीच्या डॉक्टरांकडे नेऊन श्वासाची तपासणी (स्पायरोमेट्री) करा. धुळ्याच्या आणि जळगावच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयात विचारा.

हेच दम्यालाही लागू. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, रात्री खोकल्याने जाग येत असेल, तर नुसत्या गोळीवर राहू नका. इन्हेलर लागतो, आणि तो वेळेवर लागतो.

---

घरचं_बरं

सगळं वाचलं. पण माझं मत वेगळं आहे. या गोळ्यांची सवय लागते. आमच्या गल्लीतले एक काका वर्षानुवर्षं घेतात, एक दिवस सोडली तरी त्यांचं चालत नाही. त्यापेक्षा हळद-दूध, वाफ, जलनेती करावी.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

घरचं_बरं दादा, काका नेमकं काय घेतात ते एकदा बघा. माझ्या अनुभवात "सोडली की चालत नाही" अशी तक्रार तीन प्रकारच्या लोकांची असते.

पहिले नाकात थेंब टाकणारे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांनी पाच मिनिटांत नाक मोकळं होतं. पण ते चार-पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की औषध उतरताच नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं. मग माणूस खिशात बाटली घेऊन फिरतो.

दुसरे पुडीवाले. कागदाच्या पुडीत तीन-चार सुट्या गोळ्या, कोणतीच ओळखता येत नाही. त्यात स्टेरॉईडची गोळी असेल तर आराम झटकन पडतो, भूक वाढते, चेहरा भरतो, आणि इकडे शुगर, बीपी, हाडं बिघडत जातात. अशी गोळी महिनोन् महिने घेऊन एकदम बंद करणंही धोक्याचं आहे. काकांचं तसं असेल तर त्यांना स्वतःहून बंद करायला सांगू नका, पुडीसकट एखाद्या एम.डी. डॉक्टरांकडे न्या.

तिसरे खरोखर सेटिरिझिन घेणारे. त्यांच्याबद्दल डॉक्टर सांगतील.

---

कान_नाक_घसा_जळगाव

सेटिरिझिनचं व्यसन लागत नाही. अ‍ॅलर्जी अजून आहे म्हणून गोळी बंद केली की शिंका परत येतात, लोक त्यालाच सवय म्हणतात. मात्र एक गोष्ट खरी आहे. सेटिरिझिन किंवा लिव्होसेटिरिझिन महिनोन् महिने, वर्षानुवर्षं रोज घेऊन बंद केल्यावर काही थोड्या लोकांना अंगभर तीव्र खाज सुटते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये याबद्दल इशारा दिला. हे क्वचित होतं, आणि होतं तेव्हा डॉक्टर डोस हळूहळू कमी करून थांबवतात. म्हणून गोळी सीझनपुरती घ्या, बारा महिने नको.

रोज गोळी लागत असेल तर नाकात मारायचा स्टेरॉईड स्प्रे (फ्लुटिकासोन, मोमेटासोन) जास्त चांगला. नाक चोंदण्यावर तो गोळीपेक्षा सरस आहे. स्टेरॉईड म्हटलं की लोक दचकतात, पण हा नाकापुरता असतो, रक्तात फार थोडा जातो. पुडीतल्या गोळीशी त्याची बरोबरी करू नका. पूर्ण गुण यायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडून देऊ नका. मारताना मान थोडी खाली, नळीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नको, बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने. पडद्यावर मारत राहिलं की नाकातून रक्त येतं.

हळद-दूध खुशाल प्या. जलनेतीही चांगली आहे, पण पाणी उकळून गार केलेलंच हवं. विहिरीचं, बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका, त्यातला अमिबा क्वचित मेंदूपर्यंत जातो आणि तो आजार जीवघेणा आहे.

---

दादरची_भाकर

माझे वडील ७४ वर्षांचे. प्रोस्टेटचा त्रास आहे, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं आहे. शेतात गाजरगवत उपटलं की नाक तर गळतंच, मानेवर आणि कोपराच्या खोबणीत कातडी जाड होऊन खाज सुटते. त्यांना काय चालेल?

---

कान_नाक_घसा_जळगाव

अ‍ॅव्हिल, सीपीएम त्यांना अजिबात नको. प्रोस्टेट असताना लघवी पूर्ण अडू शकते, मग रात्रीबेरात्री नळी घालायला धावावं लागतं. या वयात गोंधळल्यासारखं होणं, रात्री उठताना तोल जाऊन पडणं हेही होतं. काचबिंदू असणाऱ्यांनीही या गोळ्या टाळाव्यात. सेटिरिझिन आणि लिव्होसेटिरिझिन मूत्रपिंडातून बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर डोस कमी करावा लागतो. तो रिपोर्ट बघूनच ठरवायचा, स्वतःहून गोळी मोडून नको.

कातडीचं दुखणं वेगळं. ते गाजरगवताच्या स्पर्शाने आणि उडणाऱ्या कणांनी होतं. गोळीने खाज थोडी शमेल, पण मलम त्वचारोगतज्ज्ञांचंच लागेल. गवत त्यांना उपटायला लावू नका. दुसऱ्या कोणी, फुलावर येण्याआधी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालून उपटावं.

---

रावेर_केळी

हे गवत आमच्या आजोबांच्या लहानपणी नव्हतं म्हणतात.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

बरोबर. भारतात ते ठळकपणे नजरेस आलं ते १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात. मग रस्त्यांच्या कडेने सगळीकडे पसरलं.

आणखी एक सांगायचं राहिलं, हे मे महिन्यासाठी लक्षात ठेवा. जुन्या पिढीच्या गोळ्यांनी घाम कमी येतो. आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. त्या उन्हात अ‍ॅव्हिल घेऊन शेतात राबणं म्हणजे उष्माघाताला वाव देणं.

---

चाळीसगाव_एक्सप्रेस

मला लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेल्युकास्ट एकत्र असलेली गोळी दिली आहे. आमच्याकडे अर्ध्या गावाला तीच असते. ठीक आहे का? आणि बहीण पाच महिन्यांची गरोदर आहे, तिलाही शिंका आहेत, माझीच गोळी दिली तर चालेल?

---

कान_नाक_घसा_जळगाव

तुमची गोळी बहिणीला नको. गरोदरपणात लोराटाडिन किंवा सेटिरिझिन वापरण्याचा अनुभव भरपूर आहे, पण तिच्या डॉक्टरांना विचारूनच.

मॉन्टेल्युकास्ट मुख्यतः दम्याचं औषध. काही जणांत त्याने भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित आत्महत्येचे विचार येतात. म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्यावर सर्वात कडक इशारा छापायला लावला आणि साध्या नाकाच्या अ‍ॅलर्जीत दुसरा पर्याय नसेल तरच वापरा असं सांगितलं. तुम्हाला दमा असेल तर मनाने बंद करू नका. दमा नसेल, नुसत्या शिंका असतील, तर एकेरी गोळी चालेल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. घरात कोणा मुलाला ही गोळी चालू असेल आणि त्याचं वागणं, झोप बदलली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

---

जिनिंगवाला

एक शेवटचं. कापूस वेचताना गांधीलमाशी किंवा मधमाशी चावली तर सेटिरिझिन देऊन थांबावं का?

---

कान_नाक_घसा_जळगाव

फक्त चावलेल्या जागी सूज आणि खाज असेल तर गोळी चालेल. पण ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठून चक्कर येणं यातलं काही दिसलं तर गोळीची वाट बघू नका. तिथे अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन लागतं, ते काम कोणतंही अँटिहिस्टामिन करत नाही. माणसाला आडवं झोपवा, पाय थोडे वर करा. श्वास लागत असेल तर टेकवून बसवा, पण उभं करू नका, चालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या.

---

दादरची_भाकर

डॉक्टरसाहेब, वडिलांना अ‍ॅलर्जीची हातावरची टोचून करायची टेस्ट सांगितली आहे. गोळी चालू असताना केली तर चालते का?

---

कान_नाक_घसा_जळगाव

नाही, रिपोर्ट खोटा येतो. साधारण आठवडाभर आधी अँटिहिस्टामिन बंद ठेवावी लागते. सर्दीच्या मिश्र गोळ्या आणि झोपेसाठी घेतलेली हायड्रॉक्सिझिनही त्यात धरा. नाकातला स्टेरॉईड स्प्रे चालू ठेवला तरी चालतो. जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप पिशवीत घालून न्या.